ज्याची बॅट त्याची बॅटिंग: युद्धाने पळवलेली शाळकरी पोरांची एक स्पर्धा

१५ ऑगस्टला सकाळी साडेआठच्या सुमारास आपल्याकडच्या शाळाशाळांत झेंडावंदन चालू असतं. त्याच वेळी जपानच्या घड्याळात दुपारचे बारा वाजलेले असतात. ओसाकाजवळच्या निशिनोमिया शहरात कोशिएन नावाचं एक अवाढव्य मैदान आहे आणि तिथे शाळकरी मुलांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा ऐन भरात आलेली असते. बाराच्या ठोक्याला खेळ थांबतो आणि भोंगा वाजतो. खेळाडू टोप्या काढून माना खाली घालतात, हजारो प्रेक्षक उभे राहतात. मिनिटभर सगळं चिडीचूप. मग पंच हात वर करतात आणि पुढचा चेंडू पडतो.

हा रिवाज १९६३ पासून चालत आला आहे. १९४५ साली याच दिवशी, याच वेळी सम्राट हिरोहितोंचं शरणागतीचं भाषण रेडिओवरून ऐकवलं गेलं होतं. एवढं कळतं. कळत नाही ते असं, की हे मौन शाळेच्या स्पर्धेत कशाला? सतरा वर्षांच्या पोरांच्या चेंडूफळीचा महायुद्धाशी काय संबंध?

संबंध किती घट्ट आहे हे त्या स्पर्धेची यादी वाचली की दिसतं. २६वी स्पर्धा १९४०ची आणि २७वी १९४१ची. आता गंमत बघा. ही २७वी कोशिएनला खेळलीच गेली नाही, ती रद्द झाली, तरी तिला क्रमांक आहे. १९४२ साली त्याच मैदानावर १६ शाळा पहिल्या फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत खेळल्या आणि विजेता ठरला, पण त्या स्पर्धेला क्रमांक नाही. २८वी स्पर्धा थेट १९४६ची. जपानी लोक १९४२च्या त्या स्पर्धेला ‘मायावी कोशिएन’ अशा अर्थाचं नाव देतात: दिसली, पण नव्हतीच.

न खेळलेली मोजली आणि खेळलेली वगळली, हे कोडं आपल्या गल्ली क्रिकेटच्या एका नियमाने सुटतं. ज्याची बॅट त्याची बॅटिंग. १९४२ मध्ये बॅटचा मालक बदलला होता.

## आधी ही स्पर्धा कोणाची होती?

बेसबॉल जपानमध्ये आणलं होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकाने, १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला, तोक्योतल्या एका शाळेत. म्हणजे हा खेळ तिकडे गल्लीतून शाळेत गेला नाही, शाळेतून गल्लीत आला. त्यामुळे जपानमध्ये बराच काळ ‘बेसबॉल’ म्हणजे शाळा-कॉलेजांचं बेसबॉल असाच अर्थ होता. व्यावसायिक लीग आली ती १९३६ मध्ये.

शाळांची राष्ट्रीय स्पर्धा १९१५ साली सुरू झाली. पात्रता फेऱ्यांत ७३ शाळा होत्या, मुख्य स्पर्धेत दहा. स्पर्धेचं मालक होतं एक वर्तमानपत्र, ओसाका असाही. यात एक खट्याळ योगायोग आहे. चारच वर्षांपूर्वी, १९११ मध्ये, त्याच घराण्याच्या तोक्यो असाहीने ‘बेसबॉलचे दुष्परिणाम’ या विषयावर मालिका चालवली होती. तीत नितोबे इनाझो या नामवंत शिक्षणतज्ज्ञांनी बेसबॉलला खिसेकापूंचा खेळ म्हटलं होतं, कारण यात सगळं प्रतिस्पर्ध्याला चकवून पुढचा तळ (धाव पुरी करायला ओळीने गाठायच्या ठिकाणांपैकी एक, म्हणजे बेस) चोरण्यावर चालतं. चार वर्षांत घराण्याला त्याच खेळात खप दिसू लागला. संपादकीय भूमिका बदलायला चार वर्षं पुष्कळ झाली.

१९२४ मध्ये हानशिन या रेल्वे कंपनीने कोशिएनचं मैदान बांधलं. मैदान आपल्या मार्गावर असलं की प्रवासी आपल्याच गाडीने येणार, हा सरळ हिशोब. नाव मात्र पंचांगातून आलं. आपल्याकडे प्रभव, विभव अशी साठ संवत्सरं फिरतात, तसंच साठ वर्षांचं चक्र चीन-जपानकडेही आहे. त्यातल्या पहिल्या वर्षाच्या नावाची अक्षरं जोडून ‘कोशि’ झालं, ‘एन’ म्हणजे उद्यान.

तेव्हाच्या माध्यमिक शाळा साधारण बारा ते सतरा वर्षांच्या मुलांच्या, आजच्या हायस्कूलच्या जागी असलेल्या. आपल्याला कल्पना यावी म्हणून सांगायचं तर हॅरिस शील्डला आयपीएलची गर्दी लाभली असती तर जे झालं असतं, ते कोशिएनचं झालं. त्या काळी जपानच्या ताब्यात असलेल्या तैवान, कोरिया आणि मांचुरियातल्या शाळाही इथे यायच्या. १९३१ साली तैवानच्या काग्यी इथल्या कृषी-वनविद्यालयाचा संघ अंतिम फेरीपर्यंत धडकला. त्या संघात मूलनिवासी, चिनी वंशाची आणि जपानी अशी तिन्ही प्रकारची पोरं होती. त्यांचे प्रशिक्षक कोन्दो ह्योतारो जपानच्या मात्सुयामाहून तिकडे गेलेले होते. अंतिम सामना त्यांनी गमावला, पण प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. महिन्याभरात मांचुरियात जपानी सैन्याची मोहीम सुरू झाली.

## सरकारने हात कधी घातला?

एका रात्रीत नाही. आणि पहिलं पाऊल तर चांगलं म्हणावं असंच होतं.

१९२०च्या दशकात शाळांच्या बेसबॉलमध्ये पैसा शिरला. वर्तमानपत्रं, रेल्वे कंपन्या आणि स्थानिक व्यापारी जागोजागी स्पर्धा भरवू लागले. चांगला खेळणारा पोरगा वर्गात कमी आणि दौऱ्यावर जास्त. पालक आणि मास्तर तक्रार करत होते, आणि तक्रार रास्त होती. मार्च १९३२ मध्ये शिक्षण मंत्रालयाने बेसबॉल नियंत्रणाचा हुकूम काढला. स्पर्धांना परवानगी लागेल, शाळेच्या दिवशी सामने नकोत, विद्यार्थ्यांनी व्यावसायिकांशी खेळायचं नाही, अशी कलमं त्यात होती.

या शेवटच्या कलमाचा फटका एका मुलाला कसा बसला ते बघा. क्योतोच्या वाणिज्य शाळेत सावामुरा एइजी नावाचा पिचर होता. बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपला गोलंदाज, फरक इतकाच की चेंडूचा टप्पा पडत नाही. १९३४ मध्ये बेब रूथ या तेव्हाच्या सर्वांत गाजलेल्या फलंदाजाचा अमेरिकी संघ जपानला आला. त्यांच्याशी खेळायचं तर शाळा सोडावी लागणार होती. सावामुराने सोडली. सतरा वर्षांच्या या पोराने शिझुओकाच्या सामन्यात रूथ, गेरिगसह चार दिग्गज फलंदाजांना ओळीने बाद केलं. सामना ०–१ असा हरला, पण नाव घराघरात पोचलं.

हुकमाचा हेतू पोरांना बाजारापासून वाचवण्याचा होता. परिणाम असा झाला की ‘शाळेच्या खेळाचं काय करायचं हे सरकार ठरवतं’ ही गोष्ट सगळ्यांच्या अंगवळणी पडली. बॅट अजून वर्तमानपत्राकडेच होती, पण ती ज्या कपाटात ठेवायची त्याची किल्ली मंत्रालयाकडे गेली होती.

दुसरीकडे शाळाच बदलत होत्या. १९२५ पासून माध्यमिक शाळांत लष्करातले सेवेतले अधिकारी कवायत शिकवायला नेमले जात होते. आपल्या एनसीसीसारखंच ना, असं वाटेल. पण एनसीसी ऐच्छिक असते आणि तिची परेड संपली की पोरं वडापावच्या गाडीवर जातात. इथे कवायत सक्तीची होती आणि तिचा अधिकारी शाळेच्या रोजच्या जगण्याचा भाग झाला होता. १९३९ मध्ये तरुणांसाठी राष्ट्रीय शारीरिक चाचणी सुरू झाली. धावणं, लांब उडी, वजन वाहून नेणं, आणि हातबॉम्ब फेकणं. चांगला चेंडू फेकणारा हात आता दुसऱ्याच कामासाठी मोजला जाऊ लागला.

१९४१च्या जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. जपानने मांचुरियात प्रचंड फौज हलवायला घेतली. आगगाड्या सैन्याला हव्या होत्या आणि हालचाल गुप्त ठेवायची होती. शिक्षण मंत्रालयाने प्रांताबाहेर जाऊन खेळायला बंदी केली. तोवर प्रांतिक फेऱ्या सुरू झाल्या होत्या. पोरांना स्पर्धा रद्द झाल्याचं कळलं, खरं कारण कळलं नाही.

## १९४२: त्याच मैदानावर, दुसऱ्या मालकाची स्पर्धा

पुढच्या वर्षी मंत्रालयाने स्वतःच स्पर्धा भरवायचं ठरवलं. विद्यार्थ्यांच्या शरीरशिक्षणासाठी उभारलेली एक सरकारी संस्था आयोजक झाली, असाही बाजूला झाली. असाहीचा गडद लाल विजयध्वज ही या स्पर्धेची सर्वांत मानाची वस्तू, तो या वेळी नव्हता. विजेत्याला मिळणार होतं फक्त प्रशस्तिपत्र.

ऑगस्टच्या अखेरीस सोळा संघ आले. सामन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी वाजणाऱ्या भोंग्याऐवजी सैन्याचं बिगूल वाजू लागलं. गणवेशावर रोमन अक्षरं चालणार नव्हती. धावफलकावर युद्ध शेवटपर्यंत लढण्याच्या घोषणा झळकत होत्या.

मग शब्द बदलले. जपानीत खेळाडूला ‘सेन्शू’ म्हणतात. यातलं दुसरं अक्षर ‘हात’ या अर्थाचं. ते काढून त्या जागी ‘योद्धा’ या अर्थाचं अक्षर घातलं आणि शब्द झाला ‘सेन्शी’. जपानीत एकाच उच्चाराचे अनेक शब्द असतात. ‘सेन्शी’ असाच उच्चार असलेल्या आणखी एका शब्दाचा अर्थ होतो रणांगणावर मरण. ज्यांनी नवा शब्द काढला त्यांच्या हे लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

आणि मग नियम. दोन सांगतो, कारण सगळी गोष्ट या दोनांत आहे.

पहिला: जखमी झाल्याशिवाय खेळाडू बदलायचा नाही. क्रिकेटवाला म्हणेल, आमच्याकडे तरी कुठे बदलतात? पण क्रिकेटमध्ये षटक संपलं की दुसरा गोलंदाज येतो. बेसबॉलमध्ये तो एकच पिचर ओळीने टाकत राहतो, सामन्यात शंभराच्या वर चेंडू, प्रत्येक पूर्ण ताकदीने. खांदा गेला की दुसरा आणणं हा त्या खेळाचा श्वास आहे. तो दाबला. सैनिक आपली चौकी सोडत नाही, म्हणून पिचरनेही सोडायची नाही.

दुसरा: अंगावर येणारा चेंडू चुकवायचा नाही. मूळ नियम याच्या उलट आहे. चेंडू अंगाला लागला तर फलंदाजाला पहिला तळ फुकट मिळतो, पण त्याने चुकवायचा प्रयत्न केलेला असला पाहिजे. म्हणजे खेळाचं शहाणपण सांगतं, बाबा रे, आधी अंग वाचव. नव्या नियमाने नेमकं तेच शहाणपण भित्रेपणा ठरवलं.

अंतिम सामना तोकुशिमाची वाणिज्य शाळा आणि क्योतोची हेइआन शाळा यांच्यात झाला. नेहमीचे नऊ डाव बरोबरीत सुटले, सामना अकराव्या डावात गेला. हेइआनचा पिचर दुखऱ्या खांद्याने टाकतच होता, त्याची जागा दुसरा घेऊ शकत नव्हता. पिचरचे चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर गेले की फलंदाजाला तळ फुकट मिळतो, आणि तिन्ही तळ आधीच भरलेले असले तर एक धाव फुकट. शेवटची धाव तशीच आली. तोकुशिमा ८, हेइआन ७. शेवटच्या चेंडूवर वाइड टाकून सामना गेल्यासारखं, फक्त इथे त्या पोराला विश्रांती देण्यावर बंदी होती.

## पण युद्धात खेळ बंद पडणारच ना?

हा पहिला आक्षेप, आणि तो बरोबर आहे. अमेरिकेतही हायस्कूलचे कितीतरी प्रशिक्षक सैन्यात गेले. पेट्रोल आणि टायरवर नियंत्रण आलं, त्यामुळे लांबचे सामने रद्द झाले आणि वेळापत्रकं आखडली. पण तिथे खेळ शाळांकडे आणि त्यांच्या संघटनांकडेच राहिला. युद्धाने त्यांचं पेट्रोल घेतलं, नियमपुस्तक घेतलं नाही. कोशिएनलाही १९४१ मध्ये फक्त स्पर्धा बंद पडली. १९४२ मध्ये ती बंद पडली नाही, ताब्यात घेतली गेली. दोन्हींत फरक आहे.

अमेरिकेला पदक द्यायची मात्र घाई नको. त्याच १९४२ मध्ये तिथल्या सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना, ज्यांतले बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते, घरादारांतून उठवून काटेरी तारांच्या छावण्यांत टाकलं. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या गिला रिव्हर छावणीत केनिची झेनिमुरा नावाचे गृहस्थ होते. जन्म हिरोशिमाचा, १९०० सालचा. बेब रूथ आणि लू गेरिग १९२७ मध्ये फ्रेझ्नोला आले तेव्हा त्यांच्याबरोबर खेळलेले. छावणीत येताच त्यांनी मुलांना घेऊन झुडपं उपटली, जमीन सपाट केली, पाण्याचा प्रवाह वळवून धूळ बसवली. मैदानाच्या कडेला भिंत हवी म्हणून एरंड लावला. लाकडासाठी छावणीच्या कुंपणाचेच खांब उचलून आणले, अशी आठवण पुढे सांगितली जायची.

१८ एप्रिल १९४५ ला या छावणीतल्या ब्यूट हायस्कूलचा संघ राज्यविजेत्या ट्यूसॉन हायस्कूलशी खेळला. दहाव्या डावात ११–१० असा जिंकला. विजयी धाव आणणारा फटका झेनिमुरांच्याच मुलाचा. परतीचा सामना ट्यूसॉनला व्हायचा होता, तो होऊ शकला नाही. समुद्राच्या दोन्ही बाजूंना तोच खेळ आणि त्याच वंशाची पोरं. एकीकडे राज्याने खेळ गिळला. दुसरीकडे राज्याने माणसं कोंडली, आणि एका प्रशिक्षकाने कुंपणाच्या आत खेळापुरती मालकी परत उभी केली.

## प्रशिक्षकांनी विरोध का केला नाही?

हा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

जपानीत संघाच्या प्रशिक्षकाला ‘कान्तोकु’ म्हणतात. शब्दाचा अर्थ देखरेख करणारा. शाळांचे कान्तोकु बहुधा त्याच शाळेचे जुने खेळाडू असत. आपल्याकडे तालमीत वस्तादाचा जो दरारा असतो तो इथे कान्तोकुचा. पगारापेक्षा शब्दाला वजन.

या मंडळींवर सर्वांत मोठी छाया होती तोबिता सुइशू यांची. ते वासेदा विद्यापीठाचे प्रशिक्षक, पुढे असाहीत शालेय बेसबॉलवर लिहिणारे. एकेका चेंडूत आत्मा ओता, ही त्यांची शिकवण. सराव असा हवा की पोरगा कोसळेपर्यंत थांबू नये. दुसरे हिरोशिमा वाणिज्य शाळेचे इशिमोतो शूइची. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ओळीने उन्हाळी स्पर्धा जिंकणारे. मन खंबीर व्हावं म्हणून त्यांनी पोरांना उघड्या तलवारीच्या धारेवरून अनवाणी चालायला लावलं होतं. हे युद्ध पेटण्याच्या कितीतरी आधीचं, आणि कुणा लष्करी अधिकाऱ्याच्या हुकमाने नव्हे.

ही भाषा त्यांनी का घेतली? कारण बेसबॉलवर पहिल्यापासून दोन ठपके होते: परका खेळ आणि पोरकट खेळ. त्याला उत्तर म्हणून प्रशिक्षक म्हणत आले की बेसबॉल ही तलवारबाजीसारखीच साधना आहे, यातून शिस्त येते, त्याग येतो, मर्द घडतो. हे उत्तर चाललं. खेळ टिकला. पण एखादी वस्तू ‘ही देशाच्या कामाची आहे’ असं सांगून वाचवली की देश एक दिवस ती मागायला येतो. १९४२ मध्ये तो आला, तेव्हा ‘चेंडू चुकवू नको’ या नियमाला नाही म्हणायला प्रशिक्षकांकडे शब्दच उरले नव्हते. अंगावर चेंडू घ्यायला ते स्वतःच शिकवत आले होते.

म्हणून त्यांना खलनायक ठरवावं का? तोबितांचं पुढचं वागणं बघा. १९४३ मध्ये विद्यापीठीय लीग विसर्जित झाली आणि पोरांना सैन्यात नेण्याचा हुकूम निघाला. जाण्यापूर्वी वासेदा आणि केइओ यांच्यात एक शेवटचा सामना व्हावा असं पोरांना वाटत होतं. केइओचे प्रमुख राजी होते, वासेदाचं प्रशासन कचरत होतं. तोबितांनी भीड न ठेवता तो घडवून आणला. १६ ऑक्टोबर १९४३, वासेदाचं स्वतःचं मैदान, निकाल १०–१. पाचच दिवसांनी तोक्योत भर पावसात रायफली खांद्यावर घेऊन विद्यार्थ्यांचं निरोपाचं संचलन झालं. ज्या माणसाने पोरांना मरेस्तोवर सराव करायला लावला, त्यानेच ती खरोखर मरायला निघाली तेव्हा त्यांना एक दुपार मिळवून दिली. दोन्ही तोबिता खरे आहेत.

## पोरांचं पुढे काय झालं?

वाकायामाच्या काइसो शाळेचा शिमा सेइइची हा डावखुरा पिचर. १९३९च्या स्पर्धेत त्याने पाचही सामने एकट्याने टाकले आणि पाचांत मिळून एकही धाव दिली नाही. उपांत्य आणि अंतिम सामन्यात तर प्रतिस्पर्ध्यांना एक साधा फटकासुद्धा साधला नाही. असं ओळीने दोन सामन्यांत आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. शिमा विद्यापीठातून नौदलात गेला आणि मार्च १९४५ मध्ये इंडोचायनाच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला. वय २४.

सावामुराला तीनदा सैन्यात बोलावलं. बेसबॉलचा चेंडू साधारण १४५ ग्रॅमचा, हातबॉम्ब त्याच्या तिपटीने जड. लांब फेकणारा म्हणून त्याच्याकडून बॉम्ब फेकून घेतले आणि त्या खांद्याची वाट लागली. डिसेंबर १९४४ मध्ये त्याचं जहाज टॉर्पेडोने बुडालं. व्यावसायिक लीगमध्ये तोवर ‘स्ट्राइक’, ‘बॉल’ हे इंग्रजी शब्द काढून जपानी शब्द आणले होते. शब्द बदलले, लीगसुद्धा पुढे थांबली.

मैदानही भरती झालं. कोशिएनच्या प्रेक्षागृहावर लोखंडाचं मोठं छत होतं, लोक त्याला ‘लोखंडी छत्री’ म्हणत. १९४३ मध्ये ते उतरवून युद्धसामग्रीसाठी दिलं. मैदानात रताळी लागली.

## मालकी परत कशी आली?

युद्ध संपल्यावर महिन्यांतच जुने खेळाडू साएकी तात्सुओ आणि आणखी काही जण असाहीकडे गेले: स्पर्धा पुन्हा सुरू करा. पण आता शाळांना स्वतःची संघटना हवी होती. फेब्रुवारी १९४६ मध्ये ती स्थापन झाली आणि १९४७ मध्ये १९३२ चा सरकारी हुकूम रद्द झाला. कपाटाची किल्ली मंत्रालयाकडून शाळांकडे आली.

१९४६ची स्पर्धा १५ ऑगस्टलाच सुरू झाली, शरणागतीला बरोबर एक वर्ष होत होतं. कोशिएन अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होतं, म्हणून सामने निशिनोमियाच्याच दुसऱ्या मैदानावर झाले. अन्नाची इतकी टंचाई की संघ आपापला तांदूळ बांधून आले. आणि तरी पात्रता फेऱ्यांत ७०० हून अधिक शाळा उतरल्या.

इशिमोतोंचं काय झालं विचाराल तर, ते हिरोशिमात नव्याने उभ्या राहिलेल्या व्यावसायिक संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. संघाकडे पैसे नव्हते, म्हणून मैदानाच्या दाराशी साकेची पिंपं ठेवून लोकांकडून नाणी गोळा केली. तलवारीच्या धारेवरून पोरांना चालवणारा माणूस पिंपात पडणारी चिल्लर मोजत होता.

सगळ्यांना सगळं परत मिळालं असंही नाही. ओकिनावा अमेरिकेच्या प्रशासनाखालीच राहिलं. १९५८ मध्ये तिथली शुरी ही शाळा पहिल्यांदा कोशिएनला आली आणि हरली. हरलेल्या पोरांनी मैदानाची माती पिशवीत भरून घरी न्यायची ही तिथली रीत. शुरीच्या पोरांची माती नाहा बंदरावर उतरवून टाकून दिली, कारण कायद्याने ती परदेशी माती होती आणि रोगजंतूंच्या नियमात अडकत होती. ही बातमी वाचून काही हवाई सुंदरींनी कोशिएनचे खडे गोळा करून पाठवले. खड्यांना नियम लागत नव्हता.

## लष्करी वळण गेलं का?

अर्धवट. उद्‌घाटनाला संघ आजही पावलं जुळवून संचलन करतात. बारीक कापलेलं डोकं ही वर्षानुवर्षं शाळकरी बेसबॉलपटूची ओळख होती. २०२३ मध्ये केइओ हायस्कूलने केस वाढवलेल्या पोरांनिशी स्पर्धा जिंकली, तेव्हा निकालाइतकीच चर्चा केसांची झाली. आणि एकट्या पिचरने खांदा मोडेपर्यंत टाकायचं? २०१८ मध्ये अकिताच्या एका कृषी शाळेचा पिचर एकाच स्पर्धेत ८८१ चेंडू टाकून अंतिम फेरीपर्यंत पोचला. देश भारावला आणि डॉक्टर चिडले. २०२० पासून आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली. १९४२ च्या त्या दुखऱ्या खांद्यानंतर ७८ वर्षांनी.

## मग १९४२ ला क्रमांक द्यायला काय हरकत आहे?

हरकत मालकीची. क्रमांक असाही आणि शाळांच्या संघटनेच्या स्पर्धेचे आहेत. १९४१ची स्पर्धा त्यांची होती, म्हणून रद्द होऊनही तिची जागा राखली. १९४२ची मंत्रालयाची होती, म्हणून तिला जागा नाही. तर्क चोख आहे. शिवाय ‘योद्धा’ म्हणवणाऱ्या, अंग चुकवायला बंदी करणाऱ्या स्पर्धेला आपल्या माळेत ओवायचं नाही, यात स्वाभिमानही आहे.

पण त्या सोळा शाळांच्या पोरांच्या बाजूने बघितलं की हा तर्क टोचतो. आयोजक कोण हे त्यांनी ठरवलं नव्हतं. त्यांना कोशिएन हवं होतं, ते मिळालं, आणि मग सांगितलं गेलं की ते मिळालंच नव्हतं. मला विचाराल तर क्रमांक न देता यादीत एक ओळ लिहायला काही बिघडलं नसतं.

तोकुशिमाच्या शाळेकडे विजयाचा पुरावा म्हणून ते एकच प्रशस्तिपत्र होतं. १९४५च्या जुलैत शहरावर बॉम्ब पडले, त्यात तेही जळालं. १९७७ मध्ये शिक्षण मंत्रालयाने शाळेला नवं प्रशस्तिपत्र आणि ढाल दिली. पस्तीस वर्षांपूर्वी बॅट उचलून नेणारं मंत्रालयच ते देत होतं. स्पर्धेच्या यादीत मात्र २७ नंतर आजही २८च येतो.